कोपऱ्याच्या खिडकीतली दुलई

वासरबुर्ग,
सोमवार, २७ मे १९९६

प्रिय बुर्गी,

तुला वहिनी म्हणायला मला कधी जमलं नाही, आणि आता साठीत ती सवय लावून घेण्यात अर्थ नाही. तुम्ही दोघं बरे असाल. कोर्बीचा गुडघा कसा आहे? इकडे नदीला पाणी चढलंय, पण रस्त्यावर आलेलं नाही. मी ठीक आहे. बाझीही ठीक आहे. त्याच्याबद्दल तू विचारणार नाहीस, तरी सांगते.

आज सकाळी अंथरूण झटकताना आपली नन्सची निवासी शाळा एकदम डोळ्यांसमोर उभी राहिली. युद्ध संपून वर्षही झालं नव्हतं. कोळसा नसायचा, तोंड धुवायच्या भांड्यात रात्रीतून बर्फ धरायचा. मदर कोलेता घंटी वाजवत आल्या की आपण डोळे न उघडताच उठायचो आणि आपापल्या गवताच्या गाद्या उलटायचो. गादी एकटीला उलटायची नाही, म्हणून शेजारच्या पलंगावरची जोडीदार घ्यायची. तू डोक्याकडून धरायचीस, मी पायाकडून. मी 'हुप्प' म्हटलं की गादी पालथी. गवताचा भुगा उडायचा आणि तू शिंकत सुटायचीस. मदर कोलेता म्हणायच्या, "वालबुर्गा, देव शिंका मोजत नसेल, मी मोजते." मग तुला हसू आवरायचं नाही, आणि तुझं पाहून मला. खिडकीबाहेरच्या लिंडनच्या झाडावर कावळे असायचे. त्या वेळचं काहीच गोड नव्हतं, दूधसुद्धा पाणी घातलेलं, तरी ते सगळं माझ्या मनात गोड होऊन बसलंय.

आपल्या त्या कोपऱ्यात आणखीही काही व्हायचं. ते राहू दे.

बाझीचं सांगायचं होतं. ऑक्टोबरात आईला पुरल्यावर तू त्याला माझ्या गाडीत ठेवलंस आणि म्हणालीस, "तुझ्या आईचं श्वापद घेऊन जा. गालिचे सांभाळ." मी गालिचे गुंडाळून ठेवले. सबंध हिवाळा गेला, कुत्र्याने घरात थेंब सांडला नाही. दाराशी जाऊन बसतो, मान तिरकी करून बघतो, मी चपला घालेपर्यंत थांबतो. आखूड पायांचं, लांबट, कानांवर पिकलेलं ते म्हातारं जनावर माझ्याहून नेटकं आहे. मला वाटलं, तुला कुत्रे आवडत नाहीत म्हणून तू बोललीस.

परवा शनिवारी इथल्या नेमबाज मंडळातल्या एकाचं लग्न होतं. नदीकाठावरून त्यांनी रिवाजाप्रमाणे हाततोफांची सलामी दिली. मी स्वयंपाकघरात शतावरी सोलत होते. पहिला बार झाला आणि बाझी टेबलाखालून सुटला तो थेट माझ्या पलंगावर. मी मागे गेले. दुलईखाली शिरून तो थरथरत होता. दुसऱ्या बाराला मी दुलई उचलली. सगळं ओलं होतं. चादर, गादी, दुलईची आतली बाजू.

मी ओरडले नाही. तिथेच खाली बसले, आणि डोक्यात एकेक गोष्ट जागेवर जाऊ लागली.

आईचं अंथरूण कधी ओलं व्हायचं, बुर्गी? उन्हाळ्यात कधीच नाही. शिकारीचा मोसम उघडला की. कोर्बी शेडमागे बंदुकीचा नेम तपासायचा तेव्हा. बाझीला त्याने शिकारीसाठी म्हणूनच आणला होता, आठवतं ना? पिल्लू आवाजाला भितं, हे पहिल्याच दिवशी कळलं, आणि कोर्बी म्हणाला की बंदुकीला भिणारा कुत्रा ठेवून शिकाऱ्याने गावात तोंड दाखवायचं नाही, त्याला झाडामागे न्यायचं आणि प्रश्न मिटवायचा. आईने पिल्लू पदराखाली घेतलं, म्हणाली, शिकारीला नको तर मला दे. कोर्बीने दिला. पण एका अटीवर: घरात घाण केली तर त्याच दिवशी संपवीन. तू तिथेच बटाटे सोलत होतीस. मीही होते.

तर आईने काय केलं, ते आता तुझ्याही लक्षात आलं असेल.

आणि तू काय केलंस, तेही सांगते. पुढच्या खिडकीत काय घालायचं आणि मागच्या सज्ज्यावर काय, हे आपल्या गावात परकर सावरता न येणाऱ्या पोरीलाही कळतं. सकाळी रस्त्याच्या बाजूला दुलया हवेला टाकायच्या त्या स्वच्छ, पांढऱ्या, फुगलेल्या. जे कुणाच्या नजरेला पडू नये ते मागे, सफरचंदांच्या बाजूला. बाळंतिणीचं, आजाऱ्याचं, म्हाताऱ्यांचं. तू आईची दुलई, ते पिवळे नकाशे उमटलेली, पुढच्या खिडकीत घातलीस. एकदा नाही. दर वेळी. माणसं चर्चमध्ये मिस्साला जाताना वर बघायची. कुणी काही विचारायच्या आधीच तू पावाच्या दुकानात सांगत होतीस, की सासूबाईंचं आता घरात होण्यासारखं राहिलं नाही. मग तिला त्या वृद्धाश्रमात नेलं, आणि मला फोन आला तो नेल्यानंतर. कोपऱ्याची खोली रिकामी झाली. तिथे तू भाडं देणारे उन्हाळी पाहुणे ठेवणार होतीस.

आश्रमातल्या सिस्टरने मला एकदा जिन्यात थांबवून सांगितलं होतं, "तुमच्या आईचं अंथरूण कधीच ओलं नसतं हो." मला वाटलं, बिचारी माझं मन राखतेय. आणि आई दर भेटीत विचारायची, "बंदुकांचा मोसम संपला का गं?" मला वाटायचं, लेकाची काळजी करतेय.

गाव अजून तिला काय म्हणतं, तुला ठाऊक आहे. मागच्या महिन्यात बाजारात एका बाईने मला ओळखलं. "तुम्ही त्या ओल्या आजीची मुलगी ना?" म्हणाली, आणि प्रेमाने म्हणाली. आईचं नाव थेरेझिया होतं. ते मला तिला परत द्यायचं आहे.

पुढच्या गुरुवारी प्रभुशरीराचा सण. नेहमीप्रमाणे मिरवणुकीची दुसरी वेदी आपल्या घराखाली असेल. आईने कोपऱ्याची खोली माझ्या हयातीपर्यंत माझ्या नावे करून ठेवली आहे, हे तू मला आजवर आठवू दिलं नाहीस, पण किल्ली माझ्याकडे आहे. पाहुण्यांना दुसरीकडे हलव. मी बुधवारी दुपारी येते. बाकीच्या खिडक्या तू तुझ्या पद्धतीने सजव, तांबडी मखमल, मूर्ती, फुलं, सगळं. कोपऱ्याची खिडकी माझ्यासाठी सोड.

आईची दुलई माळ्यावर आहे, असं तू अंत्यविधीच्या जेवणात म्हणाली होतीस. ती काढून ठेव. धुऊ नकोस.

तुझी,
अफ्रा


वासरबुर्ग,
शनिवार, ८ जून १९९६

बुर्गी,

कोर्बीने फोन ठेवून दिला, म्हणून लिहिते. तो म्हणाला, "तुझं काय म्हणणं असेल ते कागदावर घाल, मला ऐकायचं नाही." कागदावरचं तो वाचणार नाही, तू वाचशील. तू नेहमी सगळं वाचतेस.

तुम्ही सगळे खाली होता. वरून काय दिसत होतं, ते तुला माहीत नाही.

आधी हे सांगते की तू घर फार सुंदर सजवलं होतंस. बर्चच्या कोवळ्या फांद्या दाराच्या दोन्ही अंगांना, खालच्या खिडकीत तुझ्या आजीची तांबडी मखमल, तिच्यावर प्रभूच्या पवित्र हृदयाची मूर्ती, पिओनींच्या कुंड्या. आई असती तर म्हणाली असती, बुर्गीच्या हाताला वळण आहे. ती तुझ्याबद्दल नेहमी असंच बोलायची. आपली दुलई पुढच्या खिडकीत बघतानाही.

ती दुलई मी माळ्यावरून स्वतःच आणली, तू काढून ठेवली नव्हतीस. आमच्याच बदकांची पिसं, हिवाळ्यात टेबलाभोवती बसून सोललेली. एकीला शिंक आली की सगळी पिसं उडायची, म्हणून आई तुला टेबलाच्या टोकाला बसवायची. दुलई अजून हलकी आहे. ती कोपऱ्याच्या खिडकीत घातली आणि तिच्यावर बाझीला ठेवला. उन्हात तो लगेच झोपला.

चर्चच्या घंटा थांबल्या, बँड वळणावर आला. पाकळ्या टाकणाऱ्या मुली, मग छत्र, छत्राखाली फादर. छत्राची पुढची डावी काठी कोर्बीच्या हातात होती, आमच्या वडिलांच्या होती तशीच. मागे तुम्ही बायका, सोनेरी टोप्या घालून. तुझी सगळ्यांत जुनी आणि सगळ्यांत चांगली. ती तुला आईने दिली.

माणसं वेदीपुढे थांबली आणि एकेक डोकं वर होऊ लागलं. मला वाटलं होतं कुजबुज होईल, पण एवढी शांतता झाली की ट्रम्पेटवाल्याने थुंकी झटकली तेही ऐकू आलं. घंटावाल्याच्या बायकोने, फिलोमेनाने, क्रूसाची खूण केली. ती सगळ्यांत पुढे होती. आईकडे आश्रमात जाणारी गावातली तीच एकटी. तिने दुलई ओळखली. मी आपल्या मेलेल्या आईला रस्त्यावर टांगलंय, असं तिला वाटलं असणार, कारण तिने मान खाली घातली.

तूही बघितलंस. ओठांनीच म्हणालीस, "आत घे ते." मला ते वरून नीट कळलं. मी मान हलवली.

फादरनी शुभवर्तमान वाचलं. मग आशीर्वाद. मग टेकडीवरून पहिला बार.

मला ठाऊक होतं, बुर्गी. दर वर्षी प्रत्येक वेदीला सलामी असते, हे ठाऊक असूनच मी त्याला खिडकीत ठेवला होता. पट्ट्यात माझी बोटं होती. तो झोपेतून दचकून उठला, चारी पायांवर ताठ झाला, आणि मग त्याचं ते झालं. जुन्या डागाच्या बरोबर मधोमध नवा डाग पसरला. दुलई भिजली, तिच्या काठावरून धार लागली, पांढऱ्या भिंतीवरून खाली, खाली, आणि तुझ्या आजीच्या मखमलीवर.

पहिल्या आणि दुसऱ्या बाराच्या मध्ये फिलोमेना बोलली. मोठ्याने नाही, पण त्या शांततेत वेदीपासून विहिरीपर्यंत ऐकू गेलं. "अगं बाई. म्हणजे कुत्रा होता."

दुसरा बार झाला. त्याने पुन्हा केलं.

मग पोरं हसली. ट्रम्पेटवाला कोर्बीला म्हणाला, "कोर्बिनियन, तुझा शिकारी कुत्रा बघ कशी सलामी देतोय." आणि त्यावर मोठीही हसली. छत्राची ती काठी जराशी कलली. कोर्बीचा चेहरा मी बघितला. त्याला तिथेच कळलं, सगळं, बंदुकीसकट. मी त्याला ओळखते. त्याला लाज वाटली ती कुत्र्याची, आईची नंतर. पण नंतर वाटली.

फिलोमेना मान वर करून माझ्याकडे बघत होती. गाल ओले. तिच्या शेजारची पाववाली बाई तिला विचारत होती, थेरेझियाचाच ना हा? थेरेझियाचा, असं म्हणाली ती. मी त्या नावासाठी आले होते. मिरवणूक तिसऱ्या वेदीकडे गेली तेव्हा मी बाझीला छातीशी धरलं आणि त्याच्या थरथरणाऱ्या कानात त्याची क्षमा मागितली. त्याची. आणखी कुणाची नाही. फादरशी माझं मी बघेन.

मग तू वर आलीस. टोपी हातात होती, केस विस्कटलेले. दाराला टेकून म्हणालीस, "झालं समाधान?"

मी हो म्हणाले. झालंच होतं.

"एका म्हाताऱ्या कुत्र्यापायी माझं घर साऱ्या गावापुढे घाण केलंस. मिरवणुकीत. एरवी माणसं पुढच्या वर्षापर्यंत बोलतात, आता मरेपर्यंत बोलतील."

मी म्हणाले, बोलू देत. आईच्या खिडकीबद्दलही बोलत होतेच.

तेव्हा तू ते म्हणालीस, जे तुला पहिल्यापासून म्हणायचं होतं. "मी विचारलं होतं तिला, अफ्रा. याच खोलीत, याच पलंगाशी. म्हटलं, सासूबाई, हे तुमचं का? ती म्हणाली, हो, माझंच. माझ्या तोंडावर म्हणाली. मग मी काय समजायचं होतं?"

मी म्हणाले, "मदर कोलेतांनी मलाही विचारलं होतं, बुर्गी. मीही हेच म्हणाले होते."

तू पलंगावर बसलीस. मी बॅग उचलली, कुत्रा उचलला आणि गाडीकडे आले.

मागच्या पत्रात मी 'ते राहू दे' असं लिहिलं होतं. आता राहू देत नाही. गादी उलटताना मी 'हुप्प' म्हणायचे, कारण त्या गडबडीत चादरींची अदलाबदल व्हायची. तुझी ओली माझ्या पलंगावर, माझी कोरडी तुझ्यावर. तुझा बाप रशियातून परत येणार नाही असं कळलं होतं तेव्हापासून तुझं ते सुरू झालं होतं, आणि तू पहिल्या सकाळी माझ्याकडे जसं बघितलंस, त्यावर मी दुसरं काय करणार होते? ज्या मुलीची चादर ओली तिने ती खांद्यांवर घेऊन नाश्त्याच्या खोलीत उभं राहायचं, असा नियम. मी उभी राहिले. सबंध हिवाळा. चादर पाठीवर कडक व्हायची. मुली मला काय म्हणायच्या ते तुला आठवत असेल. तू पेज खायचीस आणि ताटलीतून नजर वर काढायची नाहीस. मला तुझा राग नव्हता. तू रोज संध्याकाळी तुझ्या पावातला कडेचा भाग मला आणून द्यायचीस. मी तो खायचे, आणि मला वाटायचं की जगात आपल्याला एक बहीण आहे. तू कोर्बीशी लग्न केलंस तेव्हा चर्चमध्ये सगळ्यांत जास्त मी रडले.

म्हणून आईचं मला समजलं, पण तुझं समजत नाही. लग्नाच्या गाडीतून उतरलेल्या दुसऱ्या कुठल्याही सुनेने ती दुलई पुढच्या खिडकीत घातली असती, तर तिला माहीत नव्हतं असं मी म्हटलं असतं. ओल्या अंथरुणाशी उभी असलेली बाई 'हो, माझंच' म्हणते तेव्हा ते कुणाचं तरी दुसऱ्याचं असू शकतं, हे सबंध गावात एकट्या तुला ठाऊक होतं.

मी हे कुणाला सांगितलेलं नाही. कोर्बीला नाही, गुरुवारी फिलोमेनाने हात धरून विचारलं तेव्हा तिलाही नाही. पुढेही सांगणार नाही. याला क्षमा समजू नकोस. रोज सकाळी खिडकी उघडताना तुला आठवावं की अफ्रा बोललेली नाही, एवढंच मला हवं आहे. जोवर आपण दोघी आहोत तोवर.

आता वाटण्यांचं. दुलई माझ्याकडे आहे, मी उसवली. आतली पिसं कोरडी राहिलेली निवडून इथल्या पिसवाल्याकडे धुवायला दिली. त्यांच्या दोन उश्या होतील. एक फिलोमेनाला. एक आश्रमातल्या त्या सिस्टरला, जिने मला जिन्यात थांबवून खरं सांगितलं होतं. त्या मी स्वतः नेऊन देईन.

कोर्बीला बाझीचा शिकारीचा चामडी पट्टा, पितळी बिल्ल्यासकट. याच पार्सलात आहे. बाझीला आता साधी दोरी पुरते.

बाझी माझ्याकडे राहील. लग्नाच्या दिवसांत मी चादरीखाली रबराचं कापड घालते आणि त्याच्याबरोबर पांघरुणात शिरते. बार होतात, आम्ही दोघं भिजतो, मग मी उठून चादर बदलते. एवढंच करायचं होतं.

कोपऱ्याच्या खोलीची किल्ली माझ्यापाशी. पुढच्या सणाला मी येईन. त्या खिडकीत आईचा फोटो असेल, दुसरं काही नाही. पण तुला ते तोवर खात्रीने कळणार नाही.

दुलईची खोळ तुला. कागदात गुंडाळली आहे, वास येईल. मी ती धुतलेली नाही. तू धुवायचं ठरवलंस, तर तुझ्याच हातांनी धू. आणि वाळत घालशील ती पुढच्या खिडकीत.

तुझ्या शेजारच्या पलंगावरची,
अफ्रा